सोनेरी कर्कटकाचे घर

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी एका घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावणे आले. घर नवे होते आणि नव्हतेही. रस्त्याच्या अंगाला पूर्वी जिथे सुताराचे दुकान होते तिथे आता फरशी घातलेली बैठकीची खोली झाली होती. भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर होती, खाली नवी खुर्च्या-टेबले होती. आमच्या चर्चमधील बाके दोन पिढ्यांपूर्वी याच दुकानात घडली, हे आम्ही जुन्या माणसांकडून ऐकले होते. प्रार्थना आटोपून मागील दारी गेलो तो फणसाखाली सुताराचे जाडजूड लाकडी बाक उघड्यावर पडलेले दिसले. त्याच्यावर वाकस, पटाश्या, गिरमिट आणि दोन रंधे गोणपाटात बांधून ठेवले होते. दुपारी भंगारवाला येणार होता. घरातील वृद्ध माता हळूच म्हणाली, “फादर, ह्यांच्यावर पण जरा पवित्र पाणी शिंपडा. आमचं सगळं ह्यांच्यावरच झालं.”

आम्ही पाणी शिंपडले आणि निघून आलो. परंतु त्या मातेचे शब्द मनातून जाईनात. कारागिराच्या कामाच्या जागेचे घर होते तेव्हा घरात काय येते आणि घरातून काय निघून जाते? हा प्रश्न आमच्या गावापुरता नाही. त्याचा विचार करताना आम्हांला युरोपातील एका घराची आठवण झाली. शिक्षणाच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो असता ते पाहण्याचा योग आम्हांला आला होता. त्या घराचा इतिहास येथे मांडावा असे वाटते. कारण तो इतिहास पुढे गोव्याच्या वाटेने थेट आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो.

शुक्रवार बाजारातील घर

बेल्जियममधील अँटवर्प शहरात ‘शुक्रवार बाजार’ या नावाचा एक छोटा चौक आहे. त्याच्या एका बाजूला उभ्या असलेल्या जुन्या घराचे नाव ‘सोनेरी कर्कटक’. विद्यार्थी ज्याने वर्तुळ काढतात तेच हे कर्कटक. दारातून आत गेल्यावर प्रथम लागते ते चौफेर इमारतीने वेढलेले अंगण. भिंतींवर द्राक्षवेल चढलेली आहे. अंगणाच्या एका अंगाला राहत्या घराची दालने आहेत. त्यांच्या भिंतींना सोनेरी नक्षीचे चामडे लावलेले, वर कुटुंबीयांची तैलचित्रे. दुसऱ्या अंगाला मोठ्या खिडक्यांची लांबट खोली आहे. तिच्यात ओळीने मुद्रणयंत्रे उभी आहेत आणि खिळ्यांच्या पेट्या मांडलेल्या आहेत. मुद्रणयंत्रांपैकी दोन सुमारे इ.स. १६०० च्या काळातील असून आज जगात टिकून असलेली ती सर्वांत जुनी मुद्रणयंत्रे मानली जातात. वरच्या मजल्यावर खिळे पाडण्याची जागा आहे. खाली मुद्रितशोधकांची खोली आहे. तिथले ओक लाकडाचे मेज खिडकीला लागून आहे, कारण प्रुफे वाचणाऱ्याला उजेड हवा.

आम्हांला सर्वांत अधिक जाणवले ते या दोन अंगांमधील अंतर. ते काही पावलांचेच आहे. जेवणाच्या दालनातून निघालेले माणूस अंगण ओलांडले की शाईच्या वासात पोहोचावे, अशी ती रचना. घर आणि कारखाना यांच्यामध्ये रस्ता नव्हता. तीनशे वर्षे एकाच कुटुंबाने या अंगणाच्या एका बाजूला संसार केला आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथ छापले.

चामड्याचा कारागीर

या घराचा मूळ पुरुष ख्रिस्तोफ प्लांटिन. तो फ्रान्समधील तूर शहराच्या परिसरातला, जन्म सुमारे १५२० चा. तो जन्माने श्रीमंत नव्हता. त्याने काँ या नगरात पुस्तकबांधणीची कला शिकून घेतली, झान रिव्हिएर हिच्याशी विवाह केला आणि १५४८-४९ च्या सुमारास तो पत्नीसह अँटवर्पला आला. ते शहर त्या काळी उत्तर युरोपातील व्यापाराचे केंद्र होते. तिथे प्लांटिन पुस्तके बांधी आणि चामड्याच्या नक्षीदार पेट्या बनवी. त्याच्या हाताला नाव होते.

१५५५ साली त्याच्या आयुष्याला वळण मिळाले, आणि तेही एका अपघाताने. एका संध्याकाळी तो आपण बनवलेली पेटी पोहोचवायला निघाला असता काही मद्यधुंद माणसांनी त्याला दुसराच कोणी समजून तलवारीने भोसकले. घाव हाताला आणि खांद्याला बसला. जीव वाचला, परंतु वाकून करावयाचे बारीक चामडेकाम पुढे त्याला जमेना. ही हकीकत त्याच्या नातवाने नोंदवून ठेवली आहे. जखमी कारागीर मुद्रणाकडे वळला. त्याच वर्षी त्याच्या छापखान्यातून जे पहिले पुस्तक निघाले त्याचा विषय होता मुलीचे शिक्षण. पुढे त्याच्या घरात जे घडले ते पाहता हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो.

छापखाना वाढत गेला. १५७० च्या दशकाच्या मध्यास प्लांटिनकडे सोळा मुद्रणयंत्रे होती आणि पन्नासहून अधिक माणसे कामाला होती. त्या काळात याची बरोबरी करील असा छापखाना युरोपात क्वचितच असेल. जागा अपुरी पडू लागली म्हणून १५७६ साली त्याने शुक्रवार बाजारातील ही जागा भाड्याने घेतली आणि १५७९ मध्ये ती विकत घेतली. आपल्या पुस्तकांवर तो कर्कटकाचे चिन्ह छापी आणि त्याभोवती दोन लॅटिन शब्द घाली. त्यांचा अर्थ ‘श्रमाने आणि स्थिरतेने’. कर्कटकाचा एक पाय फिरत असतो, तो श्रम. दुसरा एका जागी रोवलेला असतो, ती स्थिरता. हे चिन्ह एखाद्या धर्मपंडिताला सुचले असते तर नवल नव्हते. ते सुचले चामड्याचे काम करणाऱ्या माणसाला, कारण कर्कटक तो रोज हातात धरीत होता.

तेरा वर्षांची मुद्रितशोधक

प्लांटिनच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम म्हणजे बहुभाषी बायबल. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने १५६८ ते १५७२ या काळात हे आठ खंडांचे बायबल छापले गेले. हिब्रू, अरामी, सिरियाक, ग्रीक आणि लॅटिन अशा पाच भाषांतील पाठ त्यात होते. एका पानावर दोन-तीन लिप्या शेजारी शेजारी बसवायच्या. त्यांतील काही उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या, काही डावीकडून उजवीकडे. मजकूर एकमेकांना समांतर राहिला पाहिजे आणि एक मात्राही हलता कामा नये. ज्यांनी खिळे जुळवण्याचे काम जवळून पाहिले आहे त्यांना यातील कष्ट सांगायला नकोत. देखरेखीसाठी राजाने बेनितो आरियास मोंतानो या विद्वान धर्मगुरूला अँटवर्पला धाडले होते.

१५७० साली प्लांटिनने राजाच्या सचिवाला लिहिलेल्या एका पत्रात आपल्या मुलींची माहिती दिली आहे. त्याला पाच मुली होत्या. त्याने लिहिले आहे की मुली चार-पाच वर्षांच्या झाल्या की त्यांना वाचायला शिकवून घरच्या छापखान्याची प्रुफे वाचण्याच्या कामाला लावले जाई. थोरली मार्गारेटा हिचे हस्ताक्षर सुरेख होते, पण तिची दृष्टी अधू झाली. दुसरी मार्टिना हिला तागाच्या वस्त्रांच्या व जाळीच्या व्यापारात गती होती. ते दुकान ती सांभाळी. चौथी माग्दालेना त्या वेळी तेरा वर्षांची होती. बहुभाषी बायबलची प्रुफे मोंतानोच्या बिऱ्हाडी पोहोचवणे आणि ती तपासली जात असताना हिब्रू, अरामी, सिरियाक, ग्रीक व लॅटिन मूळ प्रतींतील मजकूर मोठ्याने वाचणे हे काम तिच्याकडे होते.

ती जे वाचत होती त्याचा अर्थ तिला कळत नव्हता. तिने अक्षरे ओळखायची आणि उच्चारायची एवढेच. येथे दोन गोष्टी एकाच वेळी म्हटल्या पाहिजेत. एक अशी की हे बालश्रम होते. थोरल्या बहिणीची दृष्टी अधू झाली याची नोंद स्वतः बापानेच केली आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे आम्हांला कारण नाही. दुसरी अशी की सोळाव्या शतकातील बायबल मुद्रणाच्या एका महान कार्यात एका तेरा वर्षांच्या मुलीचा आवाज मिसळलेला आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राजाचे नाव आहे, पंडिताचे आहे, मुद्रकाचे आहे. माग्दालेनाचे नाव राहिले ते एका पत्रात, आणि तेही ते पत्र त्या घराच्या कागदपत्रांतून जपले गेले म्हणून.

संशयाची वर्षे

अशा घराचा इतिहास सांगताना त्यातील अवघड भाग टाळून पुढे जाणे सोपे असते. परंतु इतिहास हा प्रवचनासाठी निवडलेला दाखला नव्हे.

१५६२ साली प्लांटिन पॅरिसला गेला असता त्याच्या कामगारांनी एक पाखंडी प्रार्थनापुस्तिका छापली असे उघडकीस आले. अधिकाऱ्यांची धाड पडली आणि त्याच्या सगळ्या मालमत्तेचा लिलाव झाला. काही काळाने तो परतला. त्याने नव्याने भांडवल उभे केले, आणि त्याच्या नव्या भागीदारांमध्ये कॅल्व्हिनपंथाकडे झुकलेले लोक होते. स्वतः प्लांटिनचा हेन्द्रिक निक्लास याच्या ‘प्रेमाचे कुटुंब’ या गुप्त पंथाशी निकटचा संबंध होता, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बाह्य विधींपेक्षा अंतःकरणातील भक्तीला हा पंथ महत्त्व देई. हाच प्लांटिन पुढे कॅथलिक राजाचा प्रमुख मुद्रक झाला. निषिद्ध ग्रंथांची सूचीही त्याने छापली आणि ट्रेन्टच्या धर्मपरिषदेनंतर सुधारलेली मिस्साग्रंथांची व प्रार्थनाग्रंथांची पुस्तकेही त्याच्याच यंत्रांवर छापली गेली. स्पेनच्या राज्यासाठी धर्मविधीचे ग्रंथ छापण्याचा विशेषाधिकार त्याला मिळाला आणि त्यावरच पुढे दोन शतके घराण्याचा संसार चालला.

त्याला दुटप्पी म्हणावे काय? आम्ही तसे म्हणण्यास धजत नाही. ज्या काळात एका छापील पानासाठी माणूस जिवाला मुकत असे, त्या काळातील माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा साडेचारशे वर्षांनंतर धर्मगुरूच्या खुर्चीवर बसून करणे आम्हांला उचित वाटत नाही. खुद्द मोंतानोलाही सुटका नव्हती. बायबलचे खंड बाहेर पडल्यावर सालामांका येथील लेओन दे कास्त्रो या पंडिताने त्याच्यावर पाखंडाचा आरोप केला आणि त्याला आपल्या बचावासाठी रोमला जावे लागले. एवढे मात्र आम्ही म्हणू की पिढ्यान्‌पिढ्या धर्मगुरूंनी ज्या पुस्तकांतून वेदीवर प्रार्थना वाचल्या, ती ज्या हातांनी छापली त्यांची श्रद्धा गुंतागुंतीची होती. आणि परमेश्वराने ते हात नाकारले नाहीत.

४ नोव्हेंबर १५७६ रोजी, नव्या जागेत येऊन काही महिनेच झाले असताना, पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले. हजारो माणसे मारली गेली. आपला छापखाना वाचवण्यासाठी प्लांटिनला नऊ वेळा खंडणी भरावी लागली. त्यानंतर सोळा यंत्रे पुन्हा कधी एकाच वेळी चालली नाहीत. १५८३ ते १५८५ ही दोन वर्षे तो लायडनच्या नव्या विद्यापीठाचा मुद्रक म्हणून राहिला व पुन्हा अँटवर्पला आला. १ जुलै १५८९ रोजी तो वारला. अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले.

गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला

आता त्या बायबलच्या एका प्रतीची वाट धरू. ही प्रत पोर्तुगीज जहाजांच्या मार्गाने गोव्याला आली. बादशहा अकबराने ख्रिस्ती धर्माची माहिती सांगणारे विद्वान गोव्याहून बोलावले होते. त्यानुसार १७ नोव्हेंबर १५७९ रोजी येशूसंघाचे फादर रुडॉल्फ अक्वाविवा, फादर अँटोनिओ मोन्सेराते आणि इराणी वंशाचे दुभाषे फादर फ्रान्सिस हेन्रिकेस यांनी गोवा सोडले. दमण, सुरत आणि पुढे माळव्यातून ते फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. मार्चच्या आरंभी त्यांनी बादशहाला जो नजराणा दिला त्यात प्लांटिनच्या छापखान्यातील राजेशाही बायबलचे सात खंड होते.

मोन्सेराते यांनी लिहून ठेवले आहे की अकबराने प्रत्येक खंडाचे चुंबन घेतले, तो मस्तकी लावला आणि शुभवर्तमान कोणत्या खंडात आहे असे विचारले. तो खंड दाखवताच त्याचा त्याने अधिकच आदर केला. पुढे त्या खंडांतील चित्रपृष्ठे मोगल चित्रकारांच्या हाती गेली. पहिल्या खंडाच्या आरंभी यशया संदेष्ट्याच्या भाकितातील सिंह, लांडगा, बैल आणि कोकरू शांतपणे एकत्र दाखवलेले आहेत. एका चित्रपृष्ठावर राजधर्माचे प्रतीक म्हणून एक स्त्री आहे. बसावन या थोर चित्रकाराने त्या स्त्रीची आकृती आपल्या शैलीत उतरवली. एका कारागिराची रेषा दुसऱ्या कारागिराने वाचली. त्यासाठी त्यांना दुभाष्याची गरज लागली नाही. १५९५ मध्ये तिसऱ्या मोहिमेवर गेलेल्या फादरांना ते बायबल लाहोर येथे बादशहाच्या ग्रंथसंग्रहात पाहायला मिळाले.

बादशहा ख्रिस्ती झाला नाही. फादर रुडॉल्फ १५८३ साली गोव्याला परतले आणि २५ जुलै रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे चार सहकाऱ्यांसह मारले गेले. मोहीम ज्या हेतूने गेली होती त्या दृष्टीने पाहिले तर हाती काही लागले नाही असेच म्हणावे लागेल. परंतु अँटवर्पच्या बिऱ्हाडात एका मुलीने अर्थ न कळता मोठ्याने वाचलेली अक्षरे आठ-दहा वर्षांनी भारताच्या बादशहाने मस्तकी लावली, हे आम्हांला वाया गेलेले वाटत नाही.

याच कथेचा आणखी एक धागा मराठीशी जुळतो. फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले, म्हणजे अक्वाविवांची मोहीम निघण्यापूर्वी महिनाही झाला नव्हता. गोव्यात १५५६ पासून मुद्रणयंत्र होते. सेंट पॉल विद्यालयात ते बसवले गेले होते आणि बंधू हुआन दे बुस्तामांते हे त्याचे मुद्रक होते. परंतु खिळे होते ते रोमन लिपीचे. १६०८ साली स्टीफन्स यांनी येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्यांना, म्हणजे रुडॉल्फ यांचे चुलते क्लॉडिओ अक्वाविवा यांना, पत्र लिहून या प्रदेशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली जुनी इच्छा कळवली. अडचणही सांगितली. युरोपच्या वर्णमालेला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे लागतील. प्लांटिनच्या घरात आज हजारो पोलादी ठसे आणि तांब्याच्या मातृका जपून ठेवलेल्या आहेत, त्यांत हिब्रू आणि सिरियाकचेही आहेत. जिथे राजाचा पैसा आणि ठसे कोरणारे कारागीर होते तिथे पाच भाषा छापल्या गेल्या. गोव्यात यातले काहीच नव्हते, म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओवीला आपल्या लिपीचे खिळे मिळण्यासाठी पुढे सुमारे दोन शतके थांबावे लागले. एका भाषेचे दैव कारागिराच्या हातावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

कारखान्याभोवती उभे राहिलेले घर

प्लांटिननंतर हा छापखाना दुसरी मुलगी मार्टिना आणि तिचा पती यान मोरेटुस यांच्याकडे आला. थोरल्या मार्गारेटाचा पती राफेलेंगियुस याच्याकडे लायडनची शाखा गेली. तो कॅल्व्हिनपंथी झाला होता. माग्दालेनाचे लग्न पॅरिसच्या एका पुस्तकविक्रेत्याशी झाले होते. म्हणजे एकाच बापाच्या जावयांत धर्म आणि देश वेगळे झाले. तरीही अँटवर्पचा मूळ छापखाना तोडला गेला नाही. मोरेटुस घराण्यातील मृत्युपत्रांत पुढे ही अट कायम राहिली की छापखान्याचे तुकडे होऊ नयेत आणि तो चालवण्याची पात्रता ज्याच्या अंगी असेल त्याच्याकडे तो जावा. थोरला म्हणून नव्हे, लाडका म्हणून नव्हे. आमच्या मते हे घर टिकण्याचे मुख्य कारण हेच होय.

यानचा मुलगा बाल्थासार जन्मतःच उजव्या अंगाने लुळा होता. त्याने लग्न केले नाही. घर आज ज्या स्वरूपात दिसते त्याचे श्रेय मुख्यत्वे त्याला आहे. अंगणाभोवतीची नवी बाजू त्याने बांधली, ग्रंथालय वाढवले. चित्रकार रूबेन्स त्याचा बालमित्र होता. त्याने घराण्याची व्यक्तिचित्रे काढली आणि मिस्साग्रंथांसाठी व प्रार्थनाग्रंथांसाठी चित्रांचे आराखडे करून दिले. मोठ्या ग्रंथालयाचा उपयोग पुढे घरातील प्रार्थनामंदिर म्हणूनही होऊ लागला. एका टोकाला क्रूसारोहणाचे चित्र, भिंतींना ग्रंथांच्या रांगा आणि खाली चालू असलेली यंत्रे. प्रार्थना, अभ्यास आणि श्रम एकाच छपराखाली नांदत होते.

या घरातील स्त्रियांचाही उल्लेख केला पाहिजे. अन्ना मारिया दे न्यूफ आणि मारिया थेरेसिया बोरेकेन्स या विधवांनी पतीच्या पश्चात छापखाना स्वतः चालवला. १६९२ साली स्पेनच्या राजाने तिसऱ्या बाल्थासारला सरदारकी दिली. त्या काळच्या रीतीप्रमाणे सरदाराने हाताचा धंदा करणे कमीपणाचे मानले जाई. मात्र छापखाना चालवूनही सरदारकी अबाधित राहील अशी खास परवानगी या घराण्याला मिळाली. शाईचे हात असलेला सरदार! आपल्याकडे शिकलेला मुलगा बापाच्या हत्यारांना हात लावायला लाजतो तेव्हा आम्हांला या परवानगीची आठवण होते.

तरीही संपन्नतेबरोबर कामाचा जीव हळूहळू आटत गेला. विद्वानांचे नवे ग्रंथ कमी झाले आणि स्पेनला पाठवण्याची धर्मविधीची पुस्तके तेवढी उरली. १७६४ साली स्पेनच्या राजाने परदेशी मुद्रकांचा हा विशेषाधिकार काढून घेतला आणि छापखान्याचा मुख्य आधार गेला. दालनांतील चामड्यावरचे सोने चमकत राहिले, यंत्रे मात्र थंड पडत गेली. कारखान्याभोवती घर उभे राहिले होते; आता घर उरले आणि कारखाना त्यातील स्मरणवस्तू झाला. १८६६ नंतर तेथे पुस्तक छापले गेले नाही. १८७६ साली एडवर्ड मोरेटुस याने यंत्रे, ठसे, चित्रे, ग्रंथ आणि हिशेबाच्या वह्या यांसह संपूर्ण वास्तू शहराच्या स्वाधीन केली. १८७७ मध्ये ती संग्रहालय म्हणून सर्वांना खुली झाली.

त्याने ते सामान भंगारात विकले नाही, याला फार महत्त्व आहे. जुने खिळे वितळवून शिसे विकणे हा तेव्हाचा सर्रास व्यवहार होता. २ जानेवारी १९४५ रोजी जर्मनांचे अस्त्र शुक्रवार बाजारात कोसळले आणि इमारतीची मोठी हानी झाली. परंतु मौल्यवान संग्रह आधीच हलवलेला असल्यामुळे बचावला. युनेस्कोने २००१ साली या घराची दप्तरे जगाच्या स्मृतीचा ठेवा म्हणून नोंदवली आणि २००५ साली घरासह संपूर्ण छापखान्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आपल्या मागील दारी

या घराची आपल्या सुताराच्या दुकानाशी तुलना करणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. कुठे राजांचा मुद्रक आणि कुठे गावचा सुतार! परंतु आम्ही ज्यांचे अनुयायी आहोत त्यांना लोक ‘सुताराचा पुत्र’ म्हणून ओळखत. तेव्हा या तुलनेत आम्हांला वावगे काही वाटत नाही.

सोनेरी कर्कटकाच्या घरात तीनशे वर्षांच्या हिशेबाच्या वह्या आहेत. कोणत्या शनिवारी कोणत्या कामगाराला किती मजुरी दिली हे त्यांतून आजही वाचता येते. आपल्या धर्मग्रामाच्या वह्यांत माणसाचा बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू नोंदलेला असतो. त्याने हातांनी काय घडवले ते बहुधा नसते. आमच्या चर्चमधील बाकांवर रोज माणसे बसतात, गुडघे टेकतात. ती ज्याने केली त्याचे नाव ना बाकावर आहे, ना दप्तरात. तो पुढे ज्या घराचा आजोबा झाला त्या घराला आशीर्वाद देऊन आम्ही परत आलो आणि त्याची हत्यारे त्याच दुपारी वजनावर विकली गेली. त्या दिवशी आम्ही एक शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही, याची खंत आहे.

जुनी जागा तशीच ठेवा असा आग्रह आम्ही धरणार नाही. कुटुंब वाढते, मुलांना झोपायला खोली लागते. कामाच्या जागेचे घर होणे हा आशीर्वादच आहे. परंतु खोली वाढवताना माणूस विसरला जाऊ नये. म्हणून आम्ही धर्मग्रामात एक साधी वही सुरू केली आहे. आपल्या घरी कोणी सुतार, लोहार, सोनार, शिंपी, गवंडी किंवा खिळे जुळवणारा होऊन गेला असेल तर त्याचे नाव, त्याने केलेली कामे आणि ती आज कोठे आहेत हे रविवारच्या मिस्सानंतर येऊन सांगावे. एखादे हत्यार शिल्लक असेल तर ते विकण्यापूर्वी एकदा आम्हांला दाखवावे. पहिली नोंद त्या वृद्ध मातेने सांगितली. बाके किती, लाकूड कोठून आणले आणि वाळवले कसे, हे सर्व तिला पाठ होते. मजुरीचे अर्धे पैसे तिच्या सासऱ्यांनी चर्चला सोडून दिले होते, हे मात्र आम्हांला त्या दिवशी प्रथमच कळले.